नवख्याला शिकवायचं कुणी, कधी आणि कसं?

वाचकांचे प्रश्न : आरोग्यसेवा

मेंटॉरशिप म्हणजे अनुभवी सहकाऱ्याने नवख्याला ठराविक काळ, ठरवून दिलेली साथ. या महिन्यात या विषयावर पुणे शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नर्सिंग शिक्षण, अतिदक्षता विभाग आणि सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांत काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंग करून दोन महिन्यांपूर्वी एका खासगी रुग्णालयात आयसीयूत लागले. पहिले तीन दिवस ओरिएंटेशन झालं आणि चौथ्या दिवशी दोन पेशंट हातात दिले. सीनियर सिस्टरांना काही विचारलं की "कॉलेजात काय शिकलात मग?" असं ऐकावं लागतं. चूक होईल या भीतीने घरी आल्यावरही झोप लागत नाही. नोकरी सोडावी का?
– स्टाफ नर्स, हडपसर

उत्तर : हा निर्णय आज घेऊ नका. तुमची अवस्था कमकुवतपणाची खूण नाही. नर्स नवखेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत कशी जाते याच्या पाच पायऱ्या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये मांडल्या. त्यांतल्या दुसऱ्या पायरीवर तुम्ही आहात. या पायरीवर नियम पाठ असतात, पण एकाच वेळी पाच गोष्टी घडल्या की आधी कुठे धावायचं ते कळत नाही. ते पुस्तकातून येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या, त्याच पेशंटकडे बघणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच येतं. तुमच्या रुग्णालयाने ते माणूस दिलेलं नाही, म्हणून ते मागून घ्यावं लागेल.

इनचार्ज सिस्टरांना लेखी अर्ज द्या, दोनच मागण्या ठेवा. पहिली, पुढचे किमान सहा आठवडे एका ठराविक सीनियर सिस्टरांबरोबर तुमची ड्युटी लावावी, म्हणजे त्या मॉर्निंगला तर तुम्हीही मॉर्निंगला, त्या नाईटला तर तुम्हीही नाईटला. दुसरी, ओव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरांना पेशंटची माहिती, देऊन झाल्यावर त्यांनी दहा मिनिटं द्यावीत. "मला कुणी शिकवत नाही" असं लिहिलं की ती तक्रार होते आणि फाईलला लागते. रोस्टरमध्ये बदल मागितला तर इनचार्जना त्यावर काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

सीनियरना विचारण्याची पद्धतही बदलून बघा. "सिस्टर, नॉरअॅड (बीपी वाढवणारं नॉरअॅड्रिनॅलिन) कसं लावू?" या प्रश्नाला कामाच्या गर्दीत चिडकं उत्तर मिळतं, कारण त्यात सगळा विचार समोरच्याने करायचा असतो. त्याऐवजी असं विचारा : "सिस्टर, नॉरअॅड ४ एमजी ५० एमएलमध्ये केलंय, म्हणजे एका एमएलमध्ये ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलोचा, ऑर्डर ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. माझं उत्तर ताशी ४.५ एमएल येतंय. एकदा बघता का?" हे तपासायला त्यांना अर्धा मिनिट लागतो. उत्तर चुकलं असेल तर कुठे चुकलं तेही लगेच दिसतं. शिवाय तुम्ही तयारी करून विचारता हे त्यांच्या लक्षात येतं, आणि चारदोन ड्युट्यांत बोलण्याचा सूर बदलतो.

काही औषधं मात्र दुसऱ्या नजरेशिवाय द्यायचीच नाहीत, कितीही घाई असो, कुणी कितीही हसो. इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड, हेपॅरिन, बीपी वाढवणारी सगळी इन्फ्यूजन, मॉर्फिन-फेंटॅनिल आणि रक्ताची पिशवी. इन्सुलिनचा घोळ आपल्याकडे विशेष होतो, कारण एका एमएलमध्ये ४० युनिट असलेलं आणि १०० युनिट असलेलं अशी दोन्ही बाजारात आहेत. सिरिंजही दोन प्रकारच्या : ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला १० नव्हे, २५ युनिट जातात. उलट झालं तर फक्त ४. पोटॅशियमच्या १५ टक्क्यांच्या १० एमएल अँप्यूलमध्ये २० एमईक्यू (पोटॅशियम मोजण्याचं एकक) असतात. ते न पातळ करता शिरेत ढकललं तर हृदय थांबू शकतं, म्हणून ते नेहमी पातळ करून पंपावरच. एखादी सीनियर "एवढ्यासाठी मला बोलावलंस?" म्हणाली, तरी बोलवा.

रात्री डॉक्टरांना फोन करण्याची भीती असेल तर चार ओळी आधी कागदावर लिहा : आत्ता काय झालंय, पेशंट कशासाठी दाखल आहे, तुम्ही काय तपासलं, तुम्हाला काय हवंय. "बेड चारच्या पेशंटचं सॅच्युरेशन ८६ झालंय. न्यूमोनियाचा दुसरा दिवस. श्वासाची ट्यूब जागेवर आहे, सक्शन करून कफ काढला, ऑक्सिजन शंभर टक्के केला, तरी वाढत नाही. तुम्ही लगेच यावं." सांगताना शेवटची ओळ गाळली जाते, आणि तीच नसेल तर पलीकडचा माणूस "बघत राहा" म्हणून फोन ठेवतो.

खिशात छोटी वही ठेवा. अडलेल्या गोष्टी त्यात लिहा, पण पेशंटचं नाव, आयपीडी नंबर, फोटो काहीही नको. शेवटी झोपेबद्दल. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कामावर जाण्याची इच्छा उडालेली असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, रात्रीही चालू असते, मराठीतून बोलता येतं. आणि तीन महिन्यांत लेखी मागूनही काही हललं नाही, व्हेंटिलेटरवरचे दोन-दोन पेशंट तुमच्या एकटीवर टाकले जात राहिले, तर दुसरीकडे अर्ज करा. तेव्हा मुलाखतीत स्वतः विचारा : नव्या स्टाफला किती आठवडे कुणाबरोबर ठेवता?

प्रश्न : बारा वर्षांचा अनुभव आहे. दर दोन महिन्यांनी नवीन मुली माझ्याकडे सोपवल्या जातात. माझे स्वतःचे पेशंट असतातच. शिकवायला वेळ कुठून आणू? आणि खरं सांगायचं तर ओरडल्याशिवाय त्यांच्या लक्षात राहत नाही.
– सीनियर सिस्टर, सिंहगड रोड

उत्तर : वेळेचा प्रश्न तुमचा नाही, रोस्टर लावणाऱ्याचा आहे. नवी सिस्टर पहिले चार आठवडे मोजणीत पूर्ण स्टाफ म्हणून धरली जात असेल, तर तुम्ही शिकवणं आणि पेशंट सांभाळणं यांत रोज एकाचा बळी देणार. त्या काळात तुमचा एक पेशंट कमी हवा, आणि एका वेळी एकच नवी मुलगी. हे इनचार्जकडे ठामपणे मागा. वरून नकार आला तर निदान तो लेखी असू द्या.

ओरडण्याबद्दल स्पष्ट लिहितो. ओरडल्यावर जे लक्षात राहतं ते बहुधा एवढंच की सिस्टरांना सांगायचं नाही. दिलेला चुकीचा डोस, वाकलेली ट्यूब, विसरलेलं अँटिबायोटिक मग लपवलं जातं, आणि ते तुम्हाला दुसऱ्या दिवशीच्या राउंडमध्ये डॉक्टरांकडून कळतं. पेशंटला धोका दिसला तर मात्र तिथल्या तिथे थांबवायलाच हवं. त्यासाठी पहिल्याच दिवशी एक शब्द ठरवा. "थांब" म्हटलं की हात बाजूला. कारण नंतर, पॅन्ट्रीत, नातेवाइकांच्या आणि मावशींच्या कानाआड.

हाताचं कौशल्य शिकवायला चार टप्प्यांची पद्धत सगळ्यात खात्रीची. उदाहरणार्थ श्वासाच्या ट्यूबमधून सक्शन. पहिल्यांदा तुम्ही काही न बोलता, नेहमीच्या वेगाने करून दाखवा. दुसऱ्यांदा प्रत्येक कृती सांगत करा : आधी शंभर टक्के ऑक्सिजन, कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नाही म्हणजे ८ नंबरच्या (८ मिमी व्यासाच्या) ट्यूबला १२ फ्रेंच (४ मिमी), आत घालताना सक्शन बंद, बाहेर काढतानाच चालू, एका खेपेला १५ सेकंदांच्या वर नाही. तिसऱ्या खेपेला हात तुमचे, पण सांगायचं तिने. चौथ्यांदा ती सांगत स्वतः करते. हे चारही टप्पे एका दिवसात, एकाच पेशंटवर करायचे नाहीत. गरज असेल तेव्हाच सक्शन करायचं, त्यामुळे दोन-तीन दिवस लागतात. घाईत तिसरा टप्पा गाळला जातो, आणि तिच्या डोक्यात क्रम चुकलेला असेल तर तो तिथेच पकडता येतो, पेशंटला काही होण्याआधी.

निर्णय शिकवायचा असेल तर पद्धत वेगळी. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये ती मांडली. तीत पाच छोट्या पायऱ्या आहेत आणि ती राउंडच्या मधल्या फटीत बसते. समजा ती येऊन म्हणाली, "बेड दोनची युरिन दोन तास २०-२० एमएलच आहे." लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा, तुला काय वाटतं? मग, कशावरून? बीपी, द्रवाचा आत-बाहेरचा हिशेब, कॅथेटर हे तिने पाहिलंय का ते इथे कळतं. मग एकच नियम सांगा : मोठ्या माणसाला किलोमागे ताशी अर्धा एमएल, म्हणजे ६० किलोला ३० एमएल. मग तिचं जे बरोबर होतं ते नेमकं सांगा : दोन तासांतच सांगायला आलीस, सकाळची वाट पाहिली नाहीस. शेवटी जे राहिलं ते : डॉक्टरांना कळवण्याआधी कॅथेटरची ट्यूब कुठे दुमडली आहे का, पिशवी वर लटकते आहे का, हे बघायचं. "छान" किंवा "मूर्ख आहेस का" यांतून उद्या काय करायचं ते कळत नाही. नेमक्या वाक्यातून कळतं.

आणखी एक. तुमची रीत आणि दुसऱ्या सीनियरची रीत वेगळी असेल तर नवी मुलगी दोघींमध्ये चिरडते. अशा ठिकाणी रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल काढून तोच दोघींनी शिकवा. लेखी प्रोटोकॉल नसेल तर तो लिहून घेण्याची हीच वेळ.

प्रश्न : आमचं १२० खाटांचं रुग्णालय आहे. मेंटॉरशिप सुरू करावी असा माझा आग्रह आहे. व्यवस्थापन विचारतं, फायदा काय ते आकड्यांत दाखवा.
– नर्सिंग सुपरिंटेंडेंट, पिंपरी-चिंचवड

उत्तर : दुसऱ्या कुणाचे आकडे दाखवू नका, तुमचेच काढा. मागच्या वर्षी लागलेल्या स्टाफपैकी वर्षाच्या आत किती जणी गेल्या? एकीच्या जागी दुसरी आणताना जाहिरात, मुलाखती, ओरिएंटेशनचे पगारी दिवस आणि रिकाम्या जागेसाठी दिलेली डबल ड्युटी यांचा खर्च किती झाला? हिशेब तपासनीसाकडून हे काढून घ्या. समोर मेंटॉरना देणार असलेला भत्ता आणि कमी केलेल्या पेशंटभाराचे तास मांडा. मालकांना हाच कागद लागतो.

एका वॉर्डपासून सुरुवात करा, सहा महिन्यांसाठी. मेंटॉर निवडताना सर्वांत ज्येष्ठ बाई घेण्याचा मोह टाळा. त्याच विभागात तीन ते सात वर्षं काढलेली, स्वतःहून तयार असलेली व्यक्ती बरी, कारण नवखेपणात काय कळत नाही ते तिला अजून आठवतं. तिला आठ-दहा तासांचं प्रशिक्षण द्या, ज्यात वर सांगितलेल्या दोन्ही पद्धती एकमेकींवर करून बघता येतील. भाषणं नकोत. एका मेंटॉरकडे दोनपेक्षा जास्त नवख्या नकोत. पहिला महिना दर आठवड्याला अर्धा तास बैठक, पुढचे दोन महिने पंधरवड्याला, मग महिन्यातून एकदा. ही बैठक ड्युटीच्या तासांत, रोस्टरवर छापलेली हवी. ड्युटी संपल्यावर "थांबा जरा" म्हणून होणारी बैठक तिसऱ्या आठवड्यात बंद पडते, कारण प्रत्येकीची बस असते, घरी मूल असतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम : मेंटॉरने नवख्या सिस्टरचा मूल्यमापन अहवाल लिहायचा नाही. प्रोबेशन कायम करण्याचा अधिकार जिच्या हाती आहे तिच्यापुढे कुणी "मला व्हेंटिलेटरचा अलार्म कळत नाही" असं कबूल करत नाही. मूल्यमापन इनचार्जकडे ठेवा. मेंटॉरने फक्त कौशल्यांच्या यादीवर तारीख आणि सही करायची. बैठकीतलं बोलणं बाहेर जाणार नाही, फक्त पेशंटच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर जाईल, हे दोघींनाही पहिल्या दिवशी सांगा. चार आठवड्यांनी कुठल्याही बाजूने कारण न देता जोडी बदलून मागता यावी.

एक गोष्ट व्यवस्थापनाला आधीच लेखी कळवा. कार्यक्रम नीट चालला तर पहिल्या काही महिन्यांत औषधाच्या चुका आणि थोडक्यात टळलेल्या चुकांची नोंद वाढेल. चुका वाढल्या असा त्याचा अर्थ नसतो, आजवर दडलेल्या वर येऊ लागलेल्या असतात. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्याच आढावा बैठकीत कोणीतरी कार्यक्रमावरच खापर फोडेल. आणि जास्तीचं आश्वासन देऊ नका. सरकारी भरतीची जाहिरात आली की मुली जाणारच. पगार आणि नोकरीची शाश्वती यांची जागा मेंटॉरशिप घेऊ शकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत घाबरून, रडून सोडून जाणाऱ्या मात्र तिच्यामुळे थांबतात.

प्रश्न : एम.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजने मेंटॉर म्हणून माझ्या थीसिसच्या गाइड सरांचंच नाव दिलंय. तीन महिन्यांतून एकदा फॉर्मवर सही होते. मन मोकळं करायला ते योग्य व्यक्ती वाटत नाहीत. काय करावं?
– निवासी डॉक्टर, पुणे

उत्तर : तीन कामं एका माणसावर टाकली गेली आहेत, ती तुम्ही मनातल्या मनात वेगळी करा. थीसिस आणि लॉगबुक गाइड सरांकडे. रोजचं क्लिनिकल शिक्षण युनिटमधल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटकडे किंवा सीनियर रेसिडेंटकडे. आणि करिअर, थकवा, घरचा ताण, पुढे काय करायचं, या बोलण्यासाठी तुमच्या युनिटबाहेरचं, तुमच्या परीक्षेशी संबंध नसलेलं कोणी. हे तिसरं माणूस फॉर्मवर येणार नाही, ते स्वतः शोधायचं. दुसऱ्या विभागातले सहयोगी प्राध्यापक चालतील किंवा पास होऊन चार-पाच वर्षं झालेले माजी विद्यार्थी चालतील. पहिल्या भेटीला वीस मिनिटंच मागा आणि नेमके दोन-तीन प्रश्न घेऊन जा. "मला गाइड करा सर" एवढ्यावर व्यग्र माणूस होकार देतो आणि विसरतो. त्या भेटीतून एखादी गोष्ट करून बघा, आणि काय झालं ते महिन्याभराने दोन ओळींत कळवा. पुढची भेट बहुधा तेच ठरवतात. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नियमांनुसार तुम्हाला तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागेल. तो काळ वाया गेला असं अनेकांना वाटतं, पण तपासण्या कमी असताना निर्णय कसा घ्यायचा हे शिकवणारे वैद्यकीय अधिकारी तिथेच भेटतात.

मात्र एक फरक पक्का लक्षात ठेवा. "शिकवतोय" म्हणून झोपू न देणं, सर्वांसमोर अपमान, खासगी कामं करून घेणं, हा मेंटॉरकडे न्यायचा विषय नाही. ते रॅगिंग आहे. कॉलेजची रॅगिंगविरोधी समिती किंवा १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती. चांगला मेंटॉर तुम्हाला अर्ज लिहायला मदत करेल, प्रकरण मिटवायला सांगणार नाही.

प्रश्न : मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करते. माझ्याकडे वीसेक आशाताई आहेत. मी महिन्याला जाऊन रजिस्टर तपासते, राहिलेल्या नोंदी पूर्ण करून घेते. याला मेंटॉरिंग म्हणतात का?
– भोर तालुका

उत्तर : ही तपासणी झाली, आणि तीही लागते. पण रजिस्टर पूर्ण भरलेलं असतं आणि बाळाचं वजन चुकीचं घेतलेलं असतं, असं होऊ शकतं. ताईंचं काम बघायचं तर त्यांच्याबरोबर घरात जावं लागेल. नवजात बाळाच्या भेटी तुम्हाला ठाऊकच आहेत : दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. महिन्याच्या दौऱ्यात दर ताईंच्या यांतल्या एका भेटीला बरोबर जा. तिसऱ्या किंवा सातव्या दिवसाची मिळाली तर उत्तम, कारण धोका तेव्हाच जास्त असतो.

घरात शिरल्यावर बोलायचं ताईंनी. तुम्ही मध्येच सांगू लागलात तर त्या घरातली सासूबाई पुढच्या वेळी ताईंचं ऐकणार नाही. "मोठ्या बाई येतील तेव्हा विचारू" म्हणेल. तुम्ही कोपऱ्यात बसून चार गोष्टी बघा. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुतले का. वजनकाटा आधी शून्यावर आणला का, झोळी रिकामी असताना. श्वास मोजताना बाळ शांत होतं का, अंगावरचा कपडा वर केला का, आणि पूर्ण ६० सेकंद मोजले का. तीस सेकंद मोजून दुप्पट करण्याची सवय अनेकींना असते, पण नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो, त्यामुळे आकडा फसवा येतो. मिनिटाला ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं, पुन्हाही तेवढेच आले तर पाठवायचं. चौथी गोष्ट, बाळाला प्रत्यक्ष अंगावर घेऊन पाजताना पाहिलं का, की आईला नुसतं "दूध पितं ना?" एवढंच विचारलं.

अपवाद एकच. बाळ निळं पडलंय, दूध ओढत नाही, अंग थंड लागतंय किंवा झटके येतायत, असं दिसलं तर गप्प बसायचं नाही, लगेच १०८ ला फोन.

बाकीचं बोलणं घराबाहेर पडून, रस्त्याने चालताना. आधी ताईंनाच विचारा, आज काय जमलं आणि काय अवघड गेलं. मग एकच सुधारणा सांगा. चार सांगितल्या तर एकही टिकत नाही. ती सुधारणा तुमच्या वहीत ताईंच्या नावापुढे तारखेसह लिहून ठेवा, आणि पुढच्या महिन्याच्या भेटीत रजिस्टर उघडण्याआधी तीच बघा.